मुंबई सोडून गेलेला मास्तर

संध्याकाळी सहाच्या पुढे गोवंडी स्टेशनच्या पुलावर दोन मिनिटे उभे राहून पाहावे. लोकलमधून उतरणारा माणसांचा लोंढा संपता संपत नाही. कुणी गिरणगावातून इकडे सरकलेल्या कुटुंबातला, कुणी साताऱ्या-सांगलीकडचा, कुणी मराठवाड्यातला, तर कुणी थेट उत्तर प्रदेशातून आलेला. शिवणकाम, जरीकाम, वेल्डिंग, लेथ, गॅरेज असे काही ना काही हातात असलेली ही माणसे. यातल्या कितीतरी जणांच्या मनात एक विचार कायमचा मुक्कामाला असतो. मुंबई पुरे झाली, आता गावी जावे आणि तिथेच स्वतःचे काहीतरी सुरू करावे. गणपतीत किंवा दिवाळीत गावी जाऊन आले की हा विचार उसळी घेतो. चेंबूरच्या मैत्री पार्कपाशी पहाटे एसटीतून उतरताना तो पिशवीतल्या तांदळाबरोबर घरापर्यंत येतो आणि आठ दिवसांत पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसतो.

२०२०च्या टाळेबंदीत तर हजारो माणसांना हा विचार अमलात आणावाच लागला. कुणी ट्रकने, कुणी पायी, जमेल तसे लोक गावी पोहोचले. पुढे काही महिन्यांत त्यांतले बरेच जण परत आले. गावात घर होते, आईवडील होते, पण हाताला काम नव्हते. मुंबई सोडणे तुलनेने सोपे असते. मुंबई सोडून पोट भरेल असे काही उभे करणे अवघड, हे त्या वर्षाने पुन्हा एकदा दाखवून दिले.

मुंबईने असे रिकामे होणे पूर्वीही पाहिले होते. १८९६च्या पावसाळ्यानंतर मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि बघता बघता निम्मे शहर गावाकडे पळाले. साथ ओसरल्यावर लोक जसे गेले तसे परतलेही. नेमक्या त्याच सुमारास भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधला एक तरुण शिक्षक नोकरीचा राजीनामा देऊन बेळगावच्या गाडीत बसला. तो साथीला भिऊन निघाला नव्हता आणि तो परतलाही नाही. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्याने पुढे जे उभे केले ते आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. मुंबईहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीत कराड सोडले, ताकारी मागे पडली की जे स्टेशन येते, त्याच्या पाटीवर त्याचे आडनाव लिहिलेले आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात ग्रंथांना मान होता, पण या मुलाचे मन शाळेच्या पुस्तकात रमत नसे. चित्र काढायला द्या, नाहीतर एखादे बिघडलेले यंत्र खोलायला द्या, मग तो तासन्‌तास जागचा हलत नसे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी हे ओळखले आणि धाकट्याला पाठबळ दिले. त्या बळावर तो मुंबईत आला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

इथे नशिबाने पहिला टोला दिला. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, असे लक्षात आले. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता असणार? पण रेघ तर त्यांच्या हातात होती. रंग नसलेले चित्र म्हणजे यंत्राचा आराखडा. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवण्याच्या नोकरीला लागले. शिकवण्याबरोबर त्यांनी तिथल्या कार्यशाळेचाही पुरेपूर उपयोग करून घेतला. यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात आणि कशी दुरुस्त होतात, हे त्यांनी हात काळे करून शिकून घेतले.

त्या काळची मुंबई म्हणजे गिरण्यांची, रेल्वेची, बंदराची मुंबई. शहर शीवच्या खाडीपाशीच संपत असे आणि गोवंडी-मानखुर्द हा त्यापलीकडचा खाडीकाठचा मुलूख होता. अशा शहरात सरकारमान्य संस्थेतली शिक्षकाची नोकरी म्हणजे घरच्यांनी देवापुढे साखर ठेवावी अशी गोष्ट. ती नोकरी लक्ष्मणरावांनी सोडली. हक्काची वाटणारी बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, हे निमित्त झाले. पण त्यांच्या मनाची तयारी त्याआधीच झाली असावी, कारण बेळगावात दुकानाची सोय अगोदरपासून होती. मुंबईत सायकली नव्याने दिसू लागल्या तेव्हा लक्ष्मणरावांनी त्या बेळगावला पाठवायला सुरुवात केली होती. रामूअण्णा तिथे त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. सायकल शिकवण्याची फी पंधरा रुपये होती, असे सांगतात. किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लागल्याचे वर्ष १८८८ मानले जाते. ते दुकान होते तो रस्ता बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

गावी जाऊन धंदा काढू म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरा थांबून पाहावी. राजीनाम्याचा कागद देण्याआधी दुसऱ्या टोकाला भाऊ उभा होता, दुकान उभे होते आणि धंद्याची थोडीफार नस कळलेली होती. रागाच्या भरात सोडलेली नोकरी आणि तयारीनिशी सोडलेली नोकरी यांत फार अंतर असते. लक्ष्मणरावांच्या निर्णयात राग असेलही, पण त्याखाली भक्कम जोते होते.

बेळगावात सायकलींची दुरुस्ती करता करता त्यांचे लक्ष आसपासच्या शेतांकडे गेले. सायकल ही वकील-डॉक्टरांची हौस. या मुलखात खरा पैसा आणि खरी गरज होती ती शेतकऱ्याकडे. जनावरांपुढे कडब्याची अख्खी पेंढी टाकली की ती वरचा पाला खातात आणि खालचा जाड बुडखा पायदळी तुडवतात. कडबा बारीक कापून घातला तर सगळाच पोटात जातो. म्हणून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. आज खेडोपाडी कडबाकुट्टी म्हणतात तिचे हे पूर्वज. त्यापाठोपाठ त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

लाकडी नांगर जमीन ओरखडतो, उलटत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात, आणि ती उपटायची तर माती पालथी घालणारा नांगर हवा. विलायतेहून येणारे असे नांगर सामान्य कुणब्याला परवडणारे नव्हते. तसा नांगर इथल्या ओतकामातून इथेच तयार झाला तर शेतकऱ्याच्या उड्या पडतील, असा हिशेब कुणीही केला असता. प्रत्यक्षात घडले उलटेच. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी लोकांची समजूत होती. नांगर तयार होऊन पडून राहिले. पहिले पाच-सहा नांगर खपायला दोनेक वर्षे लागली.

ती दोन वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना केलेली बरी. घरात मुलेबाळे, कारखान्यात कामगार, दारात माल पडलेला. मुंबईची नोकरी सोडल्याचे शहाणपण शिकवायला नातेवाईक आणि शेजारी तर कुठेही असतातच. लक्ष्मणरावांनी यावर तोड काढली ती शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची नव्हे. त्यांनी नांगर शेतावर नेऊन चालवून दाखवले आणि वापरणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. फाळ लवकर झिजतो, विलायती नांगराइतका तो कठीण नाही, अशी तक्रार आली तेव्हा ती रास्त आहे असे मान्य करून त्यांनी ओतकामात सुधारणा केली. गिऱ्हाइकाची तक्रार हा अपमान न मानता तो फुकटचा सल्ला मानायचा, ही त्यांची खरी पुंजी ठरली. शेतकऱ्याने जमीन उलटलेली आणि कुंदा उपटलेला डोळ्यांनी पाहिला आणि लोखंडाची भीती हळूहळू गेली.

धंदा कुठे मार्गी लागतो आहे तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी होती आणि त्यात किर्लोस्करांच्या कारखान्याची जागाही गेली. चाळिशीला आलेला माणूस, पंधरावीस वर्षांची मेहनत आणि कारखाना हलवायचा तर हलवायचा कुठे? त्याच सुमारास औंध संस्थानात एका मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. रंगांनी साथ सोडलेल्या या जुन्या कलाविद्यार्थ्याशी त्यांचे सूर जुळले असतील तर नवल नाही. अडचण कळताच बाळासाहेबांनी संस्थानातली हवी ती जागा निवडायला सांगितले. रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन ठरली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही मिळाले.

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. मार्च महिना म्हणजे त्या भागात उन्हाने जमीन तडकायला लागलेली. माळावर निवडुंग माजलेला आणि निवडुंगाखाली नाग. राहायला घर नाही, यंत्रे ठेवायला छप्पर नाही. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांचे बिऱ्हाड. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनु तेव्हा सात वर्षांचाही झालेला नव्हता. बेळगावसारख्या गावातले बसलेले संसार उचलून आलेल्या त्या घरच्या बायकांनी पहिल्या रात्री चुली कशा पेटवल्या असतील, पोरांना अंधारात बाहेर जाऊ देताना त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, हे कुठल्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसते. पण कारखाना जितका भट्टीवर उभा राहिला तितकाच तो त्या चुलींवरही उभा राहिला.

लक्ष्मणरावांची माणसे निवडण्याची तऱ्हाही त्यांच्या नांगरासारखीच होती, वरचा ओरखडा न पाहता खालची माती पाहणारी. त्यांचे मित्र शंभोराव जांभेकर यंत्रांच्या बाजूला उभे राहिले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. के. के. कुलकर्णी यांनी गावोगाव हिंडून माल खपवला आणि लागेल ते काम अंगावर घेतले. अनंतराव फळणीकर यांचे शाळेतले शिक्षण अर्धवट राहिलेले, पण डोके कल्पक. ते कारखान्यातले नामी यंत्रज्ञ झाले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर लक्ष्मणरावांनी तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्यांच्या भीतीने इतर लोक दाराला कडी लावत, त्यांच्याच हाती त्यांनी आपल्या दाराची किल्ली दिली, आणि त्या माणसांनी तो विश्वास जपला. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हा तर नियमच होता. १९१०च्या सुमाराच्या खेड्यात हे करणे म्हणजे दुसऱ्या एका निवडुंगाला हात घालणे होते.

माळावर शेड उभ्या राहिल्या, भट्टी पेटली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. घरे झाली, झाडे लागली, शाळा आली. पुढे स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा परदेशी नांगरांची आवक थांबली आणि मागणी इकडे वळली. पण त्याच युद्धाने लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मीळ करून टाकला. मग लाकडी कोळशावर भट्टी चालवणे, मिळेल ते मोडीचे लोखंड वितळवणे, परदेशी मालाला घरचा पर्याय शोधणे सुरू झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्याची हकीकत या मुलखात आवडीने सांगितली जाते. किल्ल्यावर पडून राहिलेल्या तोफेचा नांगर होऊन तो शेतात उतरावा, याहून लोखंडाचे भाग्य ते कोणते!

१९२०मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या आणि मालाच्या बातम्या असत. पुढे त्याचे किर्लोस्कर मासिक झाले, १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर निघाले. आपल्या आजीच्या कपाटात या मासिकांचे अंक पाहिलेली माणसे आजही भेटतील. एका माळरानावरच्या नांगराच्या कारखान्यातून महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बायकांना वाचायला आणि विचार करायला लावणारे मासिक निघाले, ही गोष्ट तशी अजबच. पण वस्तू विकण्याआधी माणसाशी बोलावे लागते हे लक्ष्मणरावांना नांगराने शिकवलेच होते. खबरने तेच काम छापील पानावर केले.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि विसाच्या दशकात विहिरीचे पाणी उपसणारे सेंट्रिफ्युगल पंप आले. अमेरिकेत शिकून १९२६ साली परतलेले शंतनुराव वडिलांच्या हाताखाली दाखल झाले. चाळिसाच्या दशकात हरिहर, पुणे आणि बंगलोर इथे नव्या कंपन्या निघाल्या. यंत्राचे नाव निघाले की किर्लोस्कर आठवावे, इथपर्यंत गोष्ट पोहोचली.

इथे ही कहाणी संपवली असती तर ती गोड झाली असती, पण पुरी झाली नसती. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरेदारे जाळण्यात आली. किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या मुलखात लक्ष्मणराव अडतीस वर्षांपूर्वी पाहुणे म्हणून उतरले होते, ज्या मुलखातल्या जमिनी त्यांच्या नांगराने उलटल्या होत्या, त्याच मुलखातून ही आग आली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

शहरातून खेड्यात जाऊन काम उभे करणाऱ्याला हा प्रश्न केव्हातरी भेटतोच. किती वर्षे राहिले म्हणजे माणूस त्या गावचा होतो? लक्ष्मणरावांच्या आयुष्यात याचे सरळ उत्तर सापडत नाही. शिवाशीव मोडणारा, तुरुंगातून सुटलेल्याला जवळ करणारा माणूसही जमावाच्या लेखी फक्त एका जातीचा उरला, हे खरे. आणि कारखाना कायमचा गुंडाळून मंडळी शहराकडे गेली नाहीत, हेही खरे. जळालेले सावरून काम पुन्हा सुरू झाले, त्याच माळावर, तिथल्याच माणसांच्या हातांनी. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.

आता पुन्हा गोवंडीच्या पुलावर येऊ. लक्ष्मणरावांची गोष्ट ऐकून उद्या कुणी लेथवरची नोकरी सोडून गावी निघाला तर त्याला अडवायचे की टाळ्या वाजवायच्या? संस्थानिक गेले. बत्तीस एकर आणि बिनव्याजी कर्ज हातावर ठेवणारे बाळासाहेब आता कुणाच्या वाट्याला येणार? लक्ष्मणरावांचे नशीब थोर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकट्याच्या जिद्दीने सारे होते, असे सांगणारे लेखक त्यांच्या भावाला, मित्रांना आणि राजाला विसरतात.

पण राजा सोडला तर बाकीचे आजही आपल्या आवाक्यातले आहे. मुंबईने लक्ष्मणरावांना पगार दिला, तसे हुन्नरही दिले. त्यांनी जाताना ते बरोबर नेले. गोवंडीतल्या शिवणयंत्रावर, वेल्डिंगच्या ठिणग्यांत, गॅरेजच्या तेलकट फरशीवर असे हुन्नर रोज तयार होते आहे. दुसरे, त्यांनी गावात जाऊन शहरासाठी माल केला नाही. आपल्या शेजारच्या शेतकऱ्याला काय हवे ते पाहिले आणि तेच केले. तिसरे, ते एकटे गेले नाहीत. राजीनाम्याच्या आधी रामूअण्णा होते आणि माळावर पंचवीस कुटुंबे होती.

म्हणून गावी काहीतरी सुरू करावे, असे ज्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येते त्यांनी या दिवाळीत गावी गेल्यावर जमिनीचा भाव विचारण्याआधी एक करून पाहावे. चार शेतांवर, चार गोठ्यांत, चार दुकानांत जाऊन लोकांचे काय अडते आहे ते विचारावे. ते दुरुस्त करता येईल असे काही आपल्या हातात आहे का, हे मग स्वतःला विचारावे. आणि निघायचे ठरलेच तर आपले रामूअण्णा कोण, हे घरात सगळ्यांनी बसून आधी ठरवावे. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागणार आहेत. तेवढी दोन वर्षे घरातली चूल पेटती ठेवायची सोय ज्याने केली, त्याने खुशाल मैत्री पार्कला जाऊन एसटी पकडावी.